मेटारायझियम सोडलंय ना? मग बुरशीनाशकाची आळवणी थांबवा

पाऊस लागला की मावळ-मुळशीकडच्या पॉलिहाऊसमध्ये फाटक्या जाळीतून तांबडे भुंगेरे काकडीवर येतात. दिसतात भुंगेरे, म्हणून फवारणी पानांवर होते. अंडी मात्र खोडाजवळच्या ओल्या मातीत असतात आणि अळ्या तिथेच मुळं कुरतडतात. त्यांच्यासाठी मेटारायझियमची पावडर चांगली, पण ती किडींना मारणारी जिवंत बुरशी आहे हेच विसरलं जातं. सोमवारी मेटारायझियम सोडायचं आणि गुरुवारी मर (रोपं वाळवणारा रोग) येईल या धास्तीने कार्बेन्डाझिम किंवा मॅन्कोझेब हे बुरशीनाशक मुळाशी ओतायचं (हीच आळवणी), म्हणजे मित्रबुरशी आपल्याच हाताने मारायची. दुकानातल्या महागड्या ‘किट’मध्ये तर दोन्ही पुड्या शेजारीशेजारी असतात.

मेटारायझियमची शिफारस हेक्टरी 20 किलोची, म्हणजे 10 गुंठ्यांना 2 किलो. चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळा, संध्याकाळी बेडवर पसरून हलकं मातीआड करा. मूठभर माती दाबल्यावर लाडू वळला पाहिजे, एवढी ओल हवी. पावडर ठिबकमधून सोडू नका, ड्रीपर बुजतात. आधी-नंतर पंधरा-पंधरा दिवस बुरशीनाशक मातीत नको. सिल्व्हर-पेरॉक्साइडने (जंतू मारणारं द्रावण) बेड धुतले असतील तर आठवडाभर थांबा, हा आमचा अंदाज.

शेडनेटमधल्या वांग्यावर वेगळी गफलत होते. ठिपक्यांचा भुंगेरा दिसला की मित्रकीटक समजून सोडून देतात. अंगावर बारीक लव, चमक नाही, शेजारी काटेरी पिवळ्या अळ्या आणि जाळी झालेली पानं दिसली, तर तो हड्डा भुंगेरा. चकचकीत पाठीचा, मावा खाणारा लेडीबर्ड वेगळा. हड्ड्याच्या काही अळ्या तपकिरी-काळ्या, कडक होऊन पानालाच चिकटलेल्या दिसतील. त्यांच्यात पेडिओबियस ही हड्ड्याला मारणारी बारीक परोपजीवी गांधीलमाशी वाढत असते. त्या पानांना हात लावू नका.

बाकीची कामं:
- फाटकी जाळी, दाराच्या फटी बुजवणं
- हड्ड्याची अंडी असलेली पानं तोडून नष्ट करणं
- सकाळी सुस्त भुंगेरे वेचणं
- कच्चं शेणखत आत न आणणं, त्यातून हुमणी (मुळं खाणारी अळी) येते

पाकीट घेण्याआधी कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा, उत्पादनाची तारीख बघा. डब्यात ओली माती, पाच-सहा अळ्या आणि चिमूटभर पावडर टाका. दहा-बारा दिवसांत मेलेल्या अळीवर हिरवी बुरशी आली तर माल जिवंत आहे. डब्यात आली आणि बेडमध्ये नाही, तर दुकानदाराशी भांडण्याआधी आपली आळवणीची वही उघडा.