एकच किल्ला, बारा महिने: लहान मुलांना घेऊन अजिंक्यतारा कसा चढायचा

साताऱ्यात अजिंक्यताऱ्याला आम्ही नुसतं 'किल्ला' म्हणतो. "किल्ल्यावर जाऊन येतो" म्हटलं की घरात कळतं, दीड-दोन तास माणूस मिळणार नाही. माझी थोरली आता आठ वर्षांची आहे, धाकटा चार पूर्ण. मी एमआयडीसीत शिफ्टला जातो, त्यामुळे लांबच्या सहली जमत नाहीत. म्हणून तीन वर्षांपूर्वी ठरवलं की दर सुट्टीला नवी जागा शोधत बसायचं नाही, महिन्यातून दोनदा किल्लाच चढायचा. आता माझी खात्री झाली आहे की लहान मुलांना बारा जागा एकेकदा दाखवण्यापेक्षा एकच जागा बारा महिने दाखवावी. तोच दगड जूनमध्ये हिरवा आणि मार्चमध्ये तापलेला, हे त्यांना हाताला कळतं.

आम्ही पायथ्याजवळच्या 'चार भिंती' स्मारकापासून चालायला लागतो. वर दरवाजाजवळपर्यंत डांबरी रस्ता आहे, गाडी जाते. तरी मुलं चालती झाली असतील तर खालूनच चाला. मी एकटा पाऊण तासात वर जातो, दोघांना घेऊन दोन तास धरतो. हे दोन तास आधीच मनात धरले की मुलांवर खेकसायची वेळ येत नाही. सकाळी फिरायला येणारी माणसं भराभर पुढे जातात, त्यांच्याशी आपली बरोबरी नाही.

कडेवर घेऊ नका. एकदा उचललं की पुढच्या प्रत्येक वळणावर हात वर होतात. त्याऐवजी आमच्याकडे खड्याची रीत आहे. प्रत्येक वळणावर एक खडा उचलायचा, खिशात टाकायचा, वर मारुतीच्या देवळापाशी सगळे काढून मोजायचे. धाकटा दहापर्यंत मोजायला तिथंच शिकला. खाऊचंही ठिकाण ठरलेलं असावं. "चाललास तर बिस्कीट देतो" असं एकदा म्हटलं की पोरगं बिस्किटासाठी थांबायला शिकतं. आमची दशमी आणि शेंगदाण्याची चटणी दरवाजाच्या आत गेल्यावरच निघते. पाणी मात्र मागेल तेव्हा द्यायचं.

आणि परत फिरायची मुभा दोघांनाही आहे. पोट दुखतंय, अंग कोमट लागतंय, झोप झालेली नाही, यातलं काहीही असलं तरी जिथं असू तिथून खाली. त्या दिवशी "अर्धाच झाला" असं कुणी म्हणायचं नाही, हे मी माझ्या आईलासुद्धा सांगून ठेवलंय.

पावसाळा

वर्ष जूनपासून धरा. पहिली चांगली सर पडली की दोन-चार दिवसांत वाटेच्या कडेच्या ओल्या मातीत मृगाचे किडे निघतात. लाल मखमलीचा तुकडा कापून त्याला पाय लावल्यासारखा हा जीव. ते थोडेच दिवस दिसतात, म्हणून त्या आठवड्यात जमेल तसं जायचंच. तळहातावर घ्यायचा, तो पाय आखडून गप्प बसतो. श्वास रोखून वाट बघितली की पुन्हा चालायला लागतो. वाट बघण्याचं हे शिक्षण शाळेत मिळत नाही. मग जिथून उचलला तिथंच सोडायचा. डबीत भरून घरी आणायला थोरली पहिल्या वर्षी हटून बसली होती. मी सांगितलं, त्याचं घर ही ओली माती आहे, डबीत तो सुकून जाईल. तिनं स्वतः परत ठेवला.

पावसात छत्री नेऊ नका, वर वारा तिला उलटी करतो. रेनकोट पँटवाला घ्या. बूट रबरी खाचांचे हवेत. फरशीवर गुळगुळीत सरकणारा तळवा शेवाळावर हमखास घसरतो. दरवाजातल्या दगडी वाटेवर आणि पायऱ्यांवर मुलाचा हात धरायचा, मनगट धरायचं, बोटं नाही. ओली बोटं सुटतात. तटावर आणि तळ्यांच्या काठावर पावसाळ्यात आम्ही जातच नाही.

आता धुक्याचं सांगतो, कारण हे मी चुकून शिकलो. दोन वर्षांपूर्वी जुलैत मंगळाईच्या देवळाकडे चाललो होतो. मी पुढे, थोरली माझ्याबरोबर, धाकटा मागे. ती ताराराणींची गोष्ट विचारत होती, मी सांगण्यात गुंतलो. वळून बघितलं तर मागे पांढरं धुकं, पोरगं नाही. हाक मारली, वाऱ्यानं हाक नेली. थोरलीला घट्ट धरून आलो त्या वाटेनं पळत सुटलो. तो सापडला तेव्हा उकिडवा बसला होता. समोर शंखाची गोगलगाय. तिच्या शिंगाला बोट लावलं की शिंग आत जायचं, बोट काढलं की बाहेर यायचं. त्याच्या लेखी तो हरवलेलाच नव्हता. दोन-तीन मिनिटंच गेली असतील, पण माझे गुडघे घरी येईपर्यंत थरथरत होते.

तेव्हापासून तीन नियम आहेत. सगळ्यात लहान सगळ्यात पुढे चालतो, मी सगळ्यात मागे. दोघांच्या गळ्यात दोरीला शिट्टी असते, ती एरवी वाजवायची नाही. आणि कुणी दिसेनासं झालं तर शोधायला जायचं नाही, आहे तिथं खाली बसायचं आणि शिट्टी वाजवत राहायचं. हे घरात पडद्यामागे लपून खेळत खेळत पाठ करून घ्या. भीती दाखवून सांगितलं तर ऐन वेळी मूल पळतं.

साप पावसाळ्यात आणि नंतरही दिसतात. दगडाखाली, भिंतीच्या फटीत हात घालायचा नाही, गवतात पाऊल टाकण्याआधी काठी आपटायची. दिसला तर तिथंच थांबून मागे सरायचं. चावलाच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं काहीही करू नका. मुलाला चालवू नका, हातपाय फार हलू देऊ नका आणि लगेच दवाखाना गाठा. दवाखान्यातली सापाच्या विषावरची लस हाच इलाज आहे.

भिजून घरी आल्यावर आधी कोरडे कपडे (पिशवीत प्लॅस्टिकमध्ये बांधलेला एकेक जोड वरही न्यायचाच), मग हुलग्याचं माडगं. हुलगे खमंग भाजून दळून ठेवलेले असतात. दोन चमचे पीठ गार पाण्यात कालवायचं, गरम पाण्यात टाकलं तर गुठळ्या होतात. पातेल्यात जरा तुपावर जिरं आणि ठेचलेला लसूण, त्यावर दोन वाट्या पाणी, मीठ. उकळी आली की कालवलेलं पीठ ओतून हलवत राहायचं. पळीतून धार पडेल इतकं पातळ ठेवायचं. आई वाटीत वरून तूप सोडते. सूपची पाकिटं आमच्या मुलांना अजून माहीत नाहीत, याचं मला समाधान आहे.

श्रावण सरता सरता उतारावर तेरडा येतो आणि पिवळी कवल्याची फुलं. त्यावरच्या दोन तांबड्या ठिपक्यांमुळे त्यांना सगळे मिकी माऊस म्हणतात. याच दिवसांत वर्षातून एकदा शाळा बुडवून मी त्यांना कासच्या फुलांच्या पठारावर नेतो. साताऱ्यापासून साधारण २५ किलोमीटर. आधी ऑनलाइन नाव नोंदवायचं, शनिवार-रविवार टाळायचा. २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात कास गेलं, तेव्हापासून गर्दी विचारू नका. तिथं मोठी माणसं उभ्यानं गालिचे बघतात. मुलांना घेऊन वाटेच्या कडेला खाली बसा. सीतेची आसवं आणि किडे खाणारी दवबिंदू बोटभर उंचीची असतात, ती मुलांच्याच डोळ्यांना आधी दिसतात. वाट सोडून एकही पाऊल टाकायचं नाही.

नवरात्र ते दिवाळी

नवरात्रात पहाटे मंगळाईला जाणाऱ्यांची किल्ल्यावर रीघ असते. अंधारात बॅटरी घेऊन चढायचं, हे मुलांना फार मोठं वाटतं. एवढी माणसं सोबत असतात की पहिल्यांदाच अंधारात नेणाऱ्यांनी हेच दिवस निवडावेत. मुलाच्या खिशात तुमचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा.

गोष्टी सांगायच्या त्या याच दिवसांत, कोरड्या दगडावर बसून आणि एका वेळी एकच. १७०० साली औरंगजेबाच्या फौजेनं सुरुंग लावला, तट ढासळला आणि त्याखाली त्यांचीच माणसं गाडली गेली, ही धाकट्याची आवडती. थोरलीला ताराराणी हव्या असतात. १७०८ साली शाहू महाराजांचा राज्याभिषेक इथंच झाला हे सांगितल्यावर तिनं विचारलं, "मग खालून पाणी कुणी आणलं एवढ्या माणसांना?" तेव्हा तिला तळी दाखवली. प्रश्न आला की मगच उत्तराच्या जागी न्यायचं.

दिवाळीचा किल्ला आम्ही दरवर्षी अजिंक्यताऱ्याचाच करतो. फुटक्या विटा आणि दगड रचायचे, वर ओलं गोणपाट टाकायचं, लाल माती चाळून तिचा काला करून थापायचा. काला फार पातळ झाला तर उतरतो, भज्याच्या पिठाइतका हवा. वसुबारसेच्या पाच-सहा दिवस आधी अळीव आणि मोहरी पेरली की सणापर्यंत उतार हिरवा होतो. अळीव भिजला की चिकटतो, म्हणून उभ्या उतारावर तोच. वर्षभर चढल्यामुळे मुलांना नकाशा लागत नाही. रस्ता किती वेळा वळतो, मारुती कुठल्या बाजूला, मंगळाई कुठं, हे ती भांडून ठरवतात. मागच्या वर्षी वरचा टॉवर ठेवायचा की नाही यावर वाद पेटला. थोरली म्हणाली, महाराजांच्या काळात टॉवर नव्हता. धाकटा म्हणाला, "पण आत्ता आहे ना बाबा." शेवटी टॉवर उभा राहिला, अगरबत्तीच्या काडीचा, आणि त्याच्याखाली थोरलीनं एक मावळा पहाऱ्याला बसवला.

थंडी

थंडीत सांगण्यासारखं कमी आहे, कारण तेव्हा काही अवघड नसतं. कपडे एकावर एक घाला, चढताना काढत जाता येतात. हवा स्वच्छ असेल त्या सकाळी वरून सज्जनगड, जरंडेश्वर, चंदन-वंदन, कल्याणगड ओळखायला लावा. ओळखता आला तो गड पुढे कधीतरी चढायचा, अशी आमची यादी आहे.

एक सावधगिरी. खाजकुइलीच्या वाळलेल्या शेंगा, तपकिरी आणि लवदार, फार सुंदर दिसतात. मूल हात लावणारच, म्हणून लांबून दाखवून आधीच ओळख करून द्या. लागलीच तर चोळायचं नाही. चिकटपट्टी कातडीवर दाबून ओढायची, कुसळं निघतात. मग पाण्यानं धुवायचं आणि ते कपडे वेगळे भिजवायचे.

उन्हाळा

मार्चपासून उजाडायच्या आत निघायचं आणि साडेआठला खाली यायचं. पाणी मोठ्यांच्या पाठीवर दोन लिटर, मुलांच्या स्वतःच्या छोट्या बाटल्या वेगळ्या. कडेकपारीला आग्या मोहोळ असेल तर तिथं थांबायचं नाही, दगड मारायचा नाही, धूर करायचा नाही, आरडाओरडा नाही. अत्तर-परफ्यूम लावून जाऊ नका. गवत वाळलेलं असतं, वणवा लागलेला दिसला की खालूनच परत.

वळवाचे दिवस सुरू झाले की दुपारनंतर मुलांना वर नेऊ नका. किल्ला सगळ्या शहरात उंच आणि उघडा आहे. ढग गडगडलेला ऐकू आला की खाली, एकट्या झाडाखाली थांबायचं नाही. गाडी जवळ असेल तर काचा लावून आत बसा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्या.

मेमध्ये करवंदं. काळं झालेलंच तोडायचं आणि काटे बघून, बाहेरच्या फांदीचं. खायच्या आधी ओठांना खोबरेल लावा, चीक चिकटत नाही. मग कोंबडा की कोंबडी. अर्धं चावून बघायचं, आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. मी लहान असताना माझी आई हे खेळायची, आता ती वर चढू शकत नाही, म्हणून पानाच्या द्रोणातून थोडी खाली आणतो आणि तिघं ओसरीवर बसून खेळतात. झुडूप ओरबाडू नका, पाखरांना राहू द्या.

मेच्या शेवटच्या रविवारी पावसाळी पिशवी उघडायची. रेनकोटच्या शिवणी पाण्याची धार सोडून तपासायच्या, शिट्ट्यांच्या दोऱ्या बदलायच्या, आणि बूट मुलांच्या पायात घालून बघायचे. वर्षात पाय वाढलेला असतो. यंदा थोरलीचे धाकट्याला आले, पुढे थोडा कापूस भरावा लागला. तिच्यासाठी या रविवारी नवे आणायचेत.