डेस्टिनेशन वेडिंग ठरवताय? आधी पाहुण्यांचं बघा

लोकेशन आवडलं, फोटो बघून झाले, आता हॉटेलला अ‍ॅडव्हान्स द्यायचाच बाकी आहे ना, मग जरा थांबा. ज्यांच्याशिवाय तुम्ही लग्नाला उभेच राहणार नाही अशा मोजक्या माणसांना आधी फोन करा, आईवडील, भावंडं, जिवलग मित्र. प्रवास झेपेल का, सुट्टी मिळेल का, खर्च परवडेल का हे स्पष्ट विचारा आणि मगच तारीख पक्की करा, कारण एकदा पैसे भरले की ते विचारणं राहत नाही, नुसतं कळवणं होतं.

बाकीच्यांना परदेशातलं लग्न असेल तर ८ ते १२ महिने आधी सांगा, देशातच पण लांब असेल तरी ६ महिने हवेतच. पत्रिका नंतर येऊ दे, तारीख आणि गाव आधी कळू दे. सोबत कागदपत्रांचंही सांगून टाका, बऱ्याच देशांत पासपोर्ट पुढचे ६ महिने व्हॅलिड लागतो आणि हे लोकांच्या ऐनवेळी लक्षात येतं. लग्न युरोपात असेल तर शेंगेन व्हिसाचा (तिथल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त ६ महिने आधी करता येतो, निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात पण कधी ४५ दिवसांपर्यंतही जातं.

आता पैशांचं. सगळ्यात जास्त मनं इथेच दुखावतात आणि तेही कुणी काही बोललं नाही म्हणून. साधारण पद्धत अशी की लग्नाचे कार्यक्रम, तिथलं जेवण आणि हॉटेल ते हॉल गाड्या तुमच्याकडून, तिकीट आणि राहणं पाहुण्यांचं. राहण्याचा खर्च तुम्हाला उचलता आला तर फारच छान, नाही आला तरी काही बिघडत नाही, फक्त पहिल्याच मेसेजमध्ये लिहा, "कार्यक्रम आणि जेवण आमच्याकडे, तिकीट आणि रूम तुम्हाला बघावी लागेल." पाहुण्याला हे चेकआउटच्या वेळी काउंटरवर कळता कामा नये. आणि ज्यांना तुम्ही कामासाठी दोन दिवस आधी बोलावताय त्यांच्या त्या जादा रात्रींचं बिल तुमचंच, यात दुसरं मत नाही.

हॉटेलशी रूम ब्लॉकचा, म्हणजे पाहुण्यांसाठी एकदम बऱ्याच रूम राखून ठेवण्याचा, करार करताना नीट वाचा, ठरलेल्या टक्क्यांपेक्षा कमी रूम भरल्या तर फरक तुम्हाला भरावा लागेल असं त्यात बऱ्याचदा असतं. ती रिस्क तुमची आहे, म्हणून पाहुण्यांच्या मागे "तिथेच राहा" असं लागू नका, जवळचं एखादं स्वस्त हॉटेलही सुचवा. इतका खर्च करून येणाऱ्याकडून गिफ्टची अपेक्षा तर अजिबात नको.

कुणी नाही म्हणालं तर कारण विचारू नका. पैसे नसतात, तब्येत असते, घरात काही चालू असतं, ते सांगायला लावणं वाईट. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपही येणार म्हणून कळवलेल्यांचाच करा, सगळ्यांना एकत्र टाकलं की नाही म्हणणाऱ्याला चारचौघांत नाही म्हणावं लागतं. "हे काही येणार नाहीत" असं धरून यादी लांबवू नका, येतात लोक!

कायदेशीर नोंदणी शक्यतो घरीच उरकून घ्या. फ्रान्ससारख्या देशात तिथे लग्न नोंदवायला आधी किमान महिनाभर राहण्यासारख्या अटी आहेत, त्यामुळे बरीच जोडपी नोंदणी घरी आणि फक्त सोहळा तिकडे असं करतात.

तिथे पोचल्यावर प्रत्येक तास कार्यक्रमाने भरू नका, लोकांनी सुट्टी खर्च केलीय, त्यांना थोडं फिरू द्या. वयस्कर माणसांसाठी पायऱ्या, वाळू, ऊन, जवळचा डॉक्टर हे आधी तपासा. आणि लग्नानंतर तुम्ही लगेच हनिमूनला निघणार असाल तर एअरपोर्टच्या गाड्या कोण बघणार त्याचं नाव आणि नंबर सगळ्यांकडे असू द्या.