एक्स्टर्नल हार्ड डिस्क पासवर्ड घेत नाहीये? आधी फॉरमॅटवरचा हात काढा

"पासवर्ड शंभर टक्के बरोबर आहे, तरी डिस्क उघडत नाही." असं कोणी म्हणालं की मी पहिल्यांदा विचारतो, आतापर्यंत काय काय करून बघितलंत? डिस्क बहुतेक वेळा धडधाकट असते. वाट लागते ती नंतरच्या उपायांनी. फॉरमॅट करून बघ, डबी फोडून आतली डिस्क दुसरीकडे लाव, पासवर्ड तोडणारं सॉफ्टवेअर उतरव, हे तिन्ही सल्ले या कानाने ऐका आणि त्या कानाने सोडून द्या.

१. कुलूप कोणाचं, ते ओळखा

विंडोजमध्ये ड्राइव्हच्या चित्रावर कुलूप दिसतंय? मग ते बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं स्वतःचं कुलूप. डिस्क लावल्यावर सीडीसारखा एक छोटासा ड्राइव्ह उगवतो आणि त्यात अनलॉक करणारा प्रोग्रॅम असतो? मग कुलूप डिस्क बनवणाऱ्या कंपनीचं. विंडोज थेट "आधी फॉरमॅट करा" म्हणतंय आणि तुम्ही कधीकाळी व्हेराक्रिप्ट हा डिस्कला कुलूप लावणारा प्रोग्रॅम वापरलाय? मग रद्द करा. विंडोजला आतलं वाचता येत नाही म्हणून ते तसं म्हणतं. व्हेराक्रिप्ट उघडून त्यातूनच माउंट करा, म्हणजे पासवर्ड देऊन डिस्क उघडा. मॅकलाही बिटलॉकरची डिस्क स्वतःहून उघडता येत नाही. तिथेही कुठल्याच प्रश्नाला "हो" म्हणू नका, डिस्क काढा आणि विंडोजला लावा.

२. ठिपक्यांवर विश्वास ठेवू नका

नोटपॅड उघडा आणि पासवर्ड तिथे टाइप करून डोळ्यांनी बघा. मराठी कीबोर्ड चालू राहिलेला असतो किंवा कॅप्स लॉक दाबलेलं असतं, आणि ठिपक्यांआड भलतंच काही जात असतं. बघून झालं की नोटपॅड सेव्ह न करता बंद करा. केबल हबमधून नको, थेट कंप्युटरला लावा.

३. रिकव्हरी की: खरी लढाई इथे आहे

बिटलॉकर लावताना तुम्ही घाईघाईने "पुढे" दाबत गेलात, त्यात एक ४८ आकड्यांची किल्ली, म्हणजेच रिकव्हरी की, कुठेतरी जपून ठेवायला सांगितलं होतं. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असेल, एखाद्या टेक्स्ट फाइलमध्ये असेल किंवा छापलेल्या कागदावर असेल. तिन्ही जागा शोधा. जुन्या लॅपटॉपची डॉक्युमेंट्स, ईमेल, पेनड्राइव्ह, काही सोडू नका.

फाइल सापडली की लगेच आकडे बडवायला बसू नका. पासवर्डच्या खिडकीत जास्तीचे पर्याय उघडून रिकव्हरी की निवडली की एक आयडी दिसतो. त्याची पहिली ८ अक्षरं फाइलमधल्या आयडीशी जुळली पाहिजेत. नाही जुळली तर ती किल्ली दुसऱ्याच डिस्कची आहे. एकाच फोल्डरमध्ये अशा चार फाइली ठेवून चुकीच्या फाइलवर तासभर डोकं आपटणारे लोक मी बघितलेत.

आता माझी फजिती. एकदा प्रिंटर बंद होता, म्हणून मी ती किल्ली वहीत हाताने उतरवली. वर्षभराने गरज पडली तेव्हा माझंच अक्षर मला लागेना. एका गटात दुसरा आकडा १ की ७? दुसऱ्या एका गटात शाई फुटलेली. दोन संध्याकाळी अंदाज मारण्यात गेल्या. आणखी कुठे चूक असेल का, हे कळायलाही मार्ग नव्हता.

मार्ग होता, मला माहीत नव्हता. हे ४८ आकडे ६-६ च्या ८ गटांत असतात आणि प्रत्येक गटाला ११ ने पूर्ण भाग जातो. कॅल्क्युलेटर घ्या. माझा अडलेला गट समजा ४१७२३० किंवा ४७७२३० असता. पहिल्याला ११ ने भागलं तर ३७९३० येतात, बाकी काही नाही. दुसऱ्यात ६ उरतात. म्हणजे तो आकडा १ च. गटात एखादा आकडा चुकला असेल किंवा शेजारचे दोन उलटसुलट झाले असतील, तर ही कसोटी हमखास पकडते. एक आकडा अजिबातच वाचता येत नसेल, तर ० ते ९ घालून बघा, भाग जाणारा एकच सापडेल. मात्र एकाच गटात दोन आकडे गेले असतील तर एकाहून जास्त उत्तरं निघतात, तेव्हा ती एकेक करून टाकून बघावी लागतात. आठही गट तपासल्याशिवाय "किल्ली चालत नाही" असं मला सांगू नका.

किल्ली कुठेच नाही? मग आठवा, ही डिस्क एखाद्या कंप्युटरवर पासवर्ड न विचारता उघडायची का? तसं असेल तर त्याच कंप्युटरला लावा आणि उघडल्या उघडल्या बिटलॉकरच्या सेटिंगमधून रिकव्हरी कीची नवी प्रत काढा.

तेही नाही, पासवर्डही नाही, तर डेटा गेला. कटू आहे, पण "नक्की काढून देतो" म्हणणाऱ्याला पैसे देण्यापेक्षा बरं.

४. कंपनीचं कुलूप असेल तर

डबी फोडू नका. अशा बऱ्याच डिस्कमध्ये एन्क्रिप्शन, म्हणजे डेटा किल्लीशिवाय वाचता येऊ नये असा बदलणं, यूएसबीच्या छोट्या बोर्डवर होतं. आतली डिस्क काढून दुसरीकडे लावली तर नुसता कचरा दिसतो, आणि फोडताना बोर्ड गेला तर पासवर्ड आठवूनही उपयोग नाही. काही प्रोग्रॅम ठरावीक चुकांनंतर सगळं पुसायचा पर्याय पुढे करतात, तिथे नीट वाचूनच बटण दाबा.

माझं मत विचाराल तर हे कुलूप वापरूच नका. २०१८ मध्ये नेदरलँड्सच्या राडबाउड विद्यापीठातल्या संशोधकांनी काही एसएसडींचं (चिपवाल्या डिस्कचं) अंगचं एन्क्रिप्शन पासवर्डशिवाय उघडून दाखवलं. २०१९ मध्ये बिटलॉकरनेही नव्या ड्राइव्हच्या अंगच्या एन्क्रिप्शनवर आपोआप विसंबणं सोडलं.

५. उघडली की, त्याच बैठकीत

आधी डेटाची प्रत दुसरीकडे. मग नवा पासवर्ड, डिस्क उघडी असतानाच.

कुलूप नव्याने लावणार असाल तर विंडोज होम (विंडोजची घरगुती आवृत्ती) चालणार नाही. ते बिटलॉकरची डिस्क उघडतं, पण बंद करून देत नाही. जुन्या विंडोजवरही डिस्क न्यायची असेल तर कंपॅटिबल मोड निवडा. वापरलेली डिस्क असेल तर पूर्ण ड्राइव्ह एन्क्रिप्ट करा, नाहीतर पूर्वी पुसलेल्या फाइलींचे अवशेष तसेच उघडे राहतात. २ टीबीची डिस्क सेकंदाला १०० एमबीच्या वेगाने धरली तरी साडेपाच तास लागतात, तेव्हा रात्री लावा, आणि मध्येच काढायची वेळ आली तर आधी पॉज करा.

शेवटी डिस्क काढून परत लावा आणि पासवर्ड न वापरता छापील कागदावरची किल्ली टाकून उघडा. उघडली तरच मूळ डेटा तिच्यावर परत टाका.