धूर खाली बसायचे दिवस: पातेरा, भाजावळ आणि थंडीतली हवा

कोकणात डिसेंबर ते मार्च या काळात बागेतला पातेरा (गळलेला सुका पाला) साफ करताना आणि भाजावळ (भातरोपांची जागा पालापाचोळा पसरून भाजणं) करताना एक गोष्ट आधी बघा. सकाळी शेजारच्या चुलीचा धूर कुठे जातो? सरळ वर जाऊन विरला तर ठीक. पण थोडा वर चढून तिथेच आडवा पसरला, टेकडीच्या कमरेला पांढरा पट्टा धरून राहिला, तर त्या वेळी काडी लावू नका.

खेड जगबुडीच्या खोऱ्यात, चिपळूण वाशिष्ठीच्या, महाड सावित्रीच्या. पूर्वेला सह्याद्री, आजूबाजूला टेकड्या आणि सडे (खडकाळ माळ). जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा वारा आणि पाऊस हवा धुऊन काढतात, तेव्हा धुराची आठवणही येत नाही. थंडीत रात्री आभाळ मोकळं असतं, जमीन भराभर निवते, आणि सड्यावरची गार, जड हवा उताराने खोऱ्यात येऊन साचते. तिच्यावर तुलनेने उबदार हवेचा थर राहतो, त्यामुळे खालचा धूर वर जात नाही. मतलई वारा समुद्राकडे वाहतो खरा, पण तो हलका. खोऱ्यातला धूर बाहेर काढायला पुरत नाही. ऊन चढून जमीन तापली की हे सुटतं आणि दुपारचा खारा, समुद्रावरून येणारा वारा हवा हलवतो. गुहागर, हर्णैसारख्या उघड्या किनाऱ्यावर त्रास कमी. वलाटीतल्या, म्हणजे किनाऱ्यापासून आतल्या, डोंगराच्या कुशीतल्या गावांना तो जास्त.

म्हणजे दुपारी जाळावं का? इथेच खरी अडचण आहे. जुनी माणसं पहाटे जाळत, कारण दव असतं, वारा पडलेला असतो, आग हाताबाहेर जात नाही. दुपारच्या वाऱ्यात पेटवलेल्या दाढीची (भातरोपांसाठी भाजायच्या जागेची) आग बांध ओलांडून सड्यावरच्या गवतात गेली, तर काजूची बाग तासाभरात राख होते. पहाटे पेटवलं तर धूर गावात, दुपारी पेटवलं तर वणवा. म्हणून माझं स्पष्ट मत: जाळणंच कमी करा.

आंबा-काजूच्या बागेतला पातेरा जाळण्यासारखा नाहीच. तो आळ्यात चार-सहा बोटं जाड पसरा, खोडापासून वीतभर जागा मोकळी सोडून. ओल टिकते आणि पुढच्या पावसात त्याचंच खत होतं. उरलेला खड्ड्यात भरून शेणकाला शिंपडा. मात्र सुका पातेरा आगीला आमंत्रणच असतो, तेव्हा बागेभोवतीचा पट्टा गवत काढून साफ ठेवायला विसरू नका.

भातरोपांसाठी राब (जागेवर पसरलेला पालापाचोळा) भाजायची सवय पिढ्यांची आहे आणि तिला कारणंही आहेत: तण मरतं, राख मिळते, तरवा (भाताची रोपं) सहज उपटतो. तरीही कवळ (झाडांच्या पाल्याच्या फांद्या) तोडून झाडं बोडकी करायची आणि तेच जाळायचं, हे आता परवडत नाही. डोंगरउतारावरच्या शेतकऱ्यांनी गादीवाफे करून बघा. वळवाच्या सरींनंतर तण उगवू द्या, ते उकरून काढा, मग कुजलेलं शेणखत मिसळून वाफे भरा. बियाणं 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात ओता. तरंगलेलं पोचट बी काढून टाका, तळाचं दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत सुकवा. पहिल्या वर्षी निम्म्याच क्षेत्रावर करा, तरवा डोळ्यांनी पाहा, मग ठरवा.

ज्यांना यंदा भाजावळ करायचीच आहे, त्यांनी धुकं विरल्यावर आणि खारा वारा जोर धरण्याआधी, साधारण साडेनऊ ते अकराच्या दरम्यान, छोट्या ढिगांनी करावी. ओला पाला घालू नका, तो नुसता धुमसतो. पाण्याची पिंपं आणि चार माणसं जवळ हवीत, आणि राख पूर्ण निवेपर्यंत कोणीही जागा सोडू नये.

प्लॅस्टिकच्या पिशव्या, ठिबकच्या नळ्या, औषधांचे रिकामे डबे या आगीत कधीच टाकू नका. काजूची टरफलंही नकोत: त्यांच्यातल्या तेलाचा धूर डोळ्यांना आणि घशाला झोंबतो.

मोहोरावरच्या फवारणीलाही हीच हवा नडते. पहाटेच्या कोंदट हवेत औषधाचे बारीक थेंब खाली न बसता तरंगत शेजारच्या अंगणात जातात. पानावरचं दव सुकू द्या, हवा किंचित हलू लागली की फवारा. मोहोर पूर्ण फुलला असेल तर कीटकनाशक टाळाच, परागीभवन करणाऱ्या माश्या तेव्हाच फुलांवर असतात.

धुरातले सर्वांत घातक कण 2.5 मायक्रॉनपेक्षा लहान असतात, तोंडाला बांधलेला रुमाल त्यांना अडवत नाही. एन-95 मास्क वापरा. वाडीत कोणाला दमा असेल, तान्हं मूल असेल, तर पेटवण्याच्या आदल्या दिवशी त्यांच्या घरी सांगून या, म्हणजे त्यांना खिडक्या लावून घेता येतील.