होडीसाठी पोर्टेबल जीपीएस प्लॉटर घेताय? या चुका टाळा

हिडकल, नवीलतीर्थ धरणांत किंवा चिकोडी भागात कृष्णेवर छोटी होडी चालवणारे बहुतेक जण आधी मॉडेल आणि किंमत बघतात. प्लॉटर म्हणजे पडद्यावरच्या नकाशात आपली होडी कुठे आहे ते दाखवणारं यंत्र, तेव्हा पहिला प्रश्न वेगळा हवा: या यंत्रात आपलं पाणी आहे का?

बहुतेक वेळा नसतं. प्लॉटरसोबत मिळणारे तपशीलवार चार्ट, म्हणजे पाण्याचे नकाशे, मुख्यतः समुद्राचे असतात. कारवार, गोवा, वेंगुर्ले, मालवणकडे होडी नेणार असाल तर ते जरूर घ्या. धरण मात्र पडद्यावर नुसतं निळं दिसतं, आणि निळं म्हणजे खोल असं धरून चालणं ही सगळ्यात घातक चूक आहे. हिडकलच्या पोटात हुन्नूरचं जुनं विठ्ठल मंदिर आहे. पाणी उतरलं की उघडं पडतं, चढलं की बुडतं. बुडीत क्षेत्रातले शेतांचे बांध, पडक्या भिंती, झाडांचे बुंधे यांचंही तसंच. नद्यांवर कल्लोळ-येडूर, मलिकवाड-दत्तवाडसारखे बंधारे पावसाळ्यात पाण्याखाली जातात. प्लॉटर त्याबद्दल अवाक्षर काढणार नाही. पुराच्या पाण्यात तर होडी घालूच नका, यंत्र कितीही भारी असो.

म्हणून आपल्या धरणाचा नकाशा आपणच करायचा. वैशाखात पाणी तळाला गेलं की हातातला जीपीएस घेऊन काठाकाठानं चाला आणि प्रत्येक अडथळ्यावर खूण साठवा. नावं स्पष्ट द्या: ‘विहीर’, ‘बांध पूर्व टोक’. जाळं टाकणाऱ्या भोई मंडळींना सोबत घ्या. कुठे काय बुडालंय हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. जीपीएस काही मीटर इकडेतिकडे दाखवतोच, तेव्हा पावसाळ्यात त्या खुणेपासून वीस-तीस मीटर तरी लांब राहा. सोनार (आवाजाच्या लहरींनी खोली मोजणारी सोय) असलेलं यंत्र तळाच्या रेषा स्वतः आखत जातं, पण मोजणीच्या दिवशीची धरणाची पातळी लिहून ठेवली नाही तर त्या आकड्यांना अर्थ उरत नाही. हिडकलची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून २१७५ फूट. २१४० ला मोजलेली दहा फूट खोली धरण भरल्यावर पंचेचाळीस होते. उलटं झालं, म्हणजे भरल्या धरणात मोजून उन्हाळ्यात त्यावर विसंबलात, तर पंखा खडकाला लागलाच.

खोक्यावर ‘जीपीएस’ छापलंय म्हणून तो चार्ट प्लॉटर होत नाही. स्वस्त फिशफाइंडरमध्ये (मासे आणि तळ दाखवणाऱ्या सोनार यंत्रात) खुणा आणि आलेला मार्ग साठतो, पण नकाशा कार्ड घालायची सोयच नसते. आपल्याला धरणावर तेवढं पुरतं. समुद्रावर जाणार असाल तर मात्र कार्डाची जागा आहे ना, ते दुकानातच बघा. परदेशातल्या पाहुण्यांकडून मागवलेल्या यंत्रात बहुधा तिकडचेच चार्ट असतात. भारताच्या चार्टचे पैसे वेगळे मोजावे लागतात. आणि उपग्रहावरून मेसेज पाठवणारं मॉडेल तर मागवूच नका. परवानगीशिवाय असं यंत्र बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे. गोव्याच्या विमानतळावर यावरून प्रवासी पकडले गेले आहेत.

जुलैच्या बेळगावी पावसात टचस्क्रीन थेंबांनाच बोटाचा स्पर्श समजतो. बटणांचं यंत्र घ्या. ‘आयपीएक्स ७’ हा जलरोधक दर्जा म्हणजे यंत्र एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतं. तरंगेल असा त्याचा अर्थ नाही. दोरीनं बांधाच.

आता नेहमीच्या तक्रारी.

साठवलेली जागा भलतीकडेच दिसते? आकड्यांची पद्धत तपासा. १६ अंश ०८.५० मिनिटं आणि १६ अंश ०८ मिनिटं ५० सेकंद यांत सहाशे मीटरांहून जास्त अंतर पडतं. मित्रानं फोनवरून पाठवलेली जागा टाकताना हे हमखास होतं. आकडे सर्वेक्षण विभागाच्या जुन्या नकाशावरून घेतले असतील तर त्याचा अक्षांश-रेखांश मोजायचा आधार (डेटम) एव्हरेस्ट, जीपीएसचा डब्ल्यूजीएस ८४. सेटिंगमध्ये आधार बदलून नकाशाचा करा, खूण साठवा, मग परत डब्ल्यूजीएस ८४ वर या.

उभ्या होडीत बाण गरगर फिरतो? यंत्र बिघडलेलं नाही. जीपीएसला दिशा कळते ती हालचालीवरून. होकायंत्र असलेलं मॉडेल असेल तर ते जुळवून घ्या आणि स्पीकर, लोखंडी नांगर यांच्यापासून लांब ठेवा.

महिनोन्‌महिने बंद ठेवलेल्या यंत्राला उपग्रह सापडायला काही मिनिटं लागतात. पत्र्याच्या शेडखाली उभे राहून वैतागू नका, उघड्यावर ठेवा.

यंत्र सेल निम्मे भरलेले दाखवतं आणि अचानक बंद पडतं? यंत्रात सेलचा प्रकार निवडायचा असतो. रिचार्जेबल घालून सेटिंग अल्कलाइनवर राहिलं की अंदाज चुकतो. बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा प्लॉटर असेल तर वायरीत बॅटरीजवळच, यंत्राच्या पुस्तिकेत दिलेल्या अँपियरचा फ्यूज घाला.