ट्रॅक आणि रोजचं ऑफिस एकाच गाडीत? मग ब्रेक ऑइल असं निवडा

पुण्यात बरेच जण आठवडाभर हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये जी गाडी चालवतात तीच घेऊन कोइमतूरच्या कारी स्पीडवेला नाहीतर चेन्नईच्या रेसिंग ट्रॅकवर जातात, टायर बदलतात, पॅड बदलतात, आणि ब्रेक ऑइल मात्र मागच्या सर्व्हिसिंगचंच राहतं. आधी तेच बघा. ऑइल उकळलं की लाइनमध्ये वाफ होते, पाय दाबला की ती वाफच दबते आणि पेडल खाली जातं. (पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापलेत, ती वेगळी गोष्ट.)

१) ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण वाचा, त्यावर ‘डॉट’ म्हणजे ऑइलचा दर्जा लिहिलेला असतो. डॉट ३, ४ आणि ५.१ ही ग्लायकॉलची, एकमेकांत चालतात, पण ४ सांगितलं असेल तर ३ वर उतरू नका. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ५.१ शी त्याचा काही संबंध नाही, ते यात मिसळायचं नाही आणि एबीएसच्या (ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) गाडीत तर घालायचंच नाही. ईएसपी (गाडी घसरायला लागली की सावरणारी यंत्रणा) असेल तर मॅन्युअलमध्ये पातळ ऑइल मागितलंय का तेही बघून घ्या.

२) बाटलीवर दोन आकडे बघा, ड्राय आणि वेट बॉइलिंग पॉइंट. डॉट ४ ला किमान २३० आणि १५५ अंश लागतात, ५.१ ला २६० आणि १८०. ड्राय म्हणजे नवंकोरं ऑइल, वेट म्हणजे त्यात साधारण ३.७ टक्के पाणी गेल्यावर. सगळे ड्रायचा मोठा आकडा बघून भुलतात, पण हे ऑइल हवेतला ओलावा ओढतं, आपला पावसाळा चार महिन्यांचा आणि गाडी पार्किंगमध्ये उभी, त्यामुळे रोजच्या गाडीत वेटचा आकडाच खरा कामाचा.

३) आता निवड. वर्षातून एखादा ट्रॅक डे (आपली गाडी ट्रॅकवर पळवायचा दिवस) आणि साधी हॅचबॅक असेल तर चांगलं डॉट ४ किंवा ५.१, फक्त जाण्याच्या आधी ताजं भरा. वरचेवर जात असाल तर मोतुल आरबीएफ ६००, ड्राय ३१२ आणि वेट दोनशेच्या थोडं वर, पण ते दर सीझनला बदलायची तयारी ठेवा. कॅस्ट्रॉल एसआरएफचं वेट २७०, म्हणजे कितीतरी डॉट ४ च्या ड्रायपेक्षा जास्त, महाग आहे पण ओलावा आला तरी टिकतं, बजेट असेल तर मी तेच सुचवेन. नुसतं सिंहगड, ताम्हिणी करत असाल तर कंपनीचं ऑइल वेळेवर बदला आणि उतारावर गिअर खाली घ्या, पुरे.

४) नाना पेठेत घ्या नाहीतर ऑनलाइन, सील आणि तारीख बघूनच घ्या. पूर्ण बदलायला लिटरभर धरा. उघडलेली अर्धी बाटली पुढच्या वेळी वापरू नका.

५) गॅरेजमध्ये नुसतं टाकीतलं काढून वरून भरून देतात, ते चालवून घेऊ नका, खरं तापतं ते कॅलिपरमधलं, म्हणजे चाकापाशी पॅड दाबणाऱ्या भागातलं ऑइल. चारही चाकांच्या निपलला (ऑइल बाहेर काढायच्या स्क्रूला) पारदर्शक नळी लावून हवा काढायला सांगा, आणि स्वतः उभं राहून बघा, आधी काळपट चहासारखं येतं, मधे बुडबुडे येतात, मग एकदम स्वच्छ. टाकी रिकामी होऊ देऊ नका, नाहीतर आत हवा जाते. रंगावर सांडलं तर लगेच पाणी मारा, रंग खातं ते.

६) ट्रॅकवर शेवटचा राउंड हळू मारा, पिटमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्या थांबतात तिथे) हँडब्रेक ओढू नका, गाडी गिअरमध्ये ठेवा. पेडल जरा जरी मऊ लागलं तरी हवा तिथेच काढा, मगच पुण्याचा हजारेक किलोमीटरचा रस्ता धरा.