पोर्ट उघडला, तरी बाहेरून लागत नाही

होम सर्व्हर बाहेरून लागत नसेल तर तपासणी आतून बाहेर करा. बरेच जण थेट राउटरमध्ये घुसतात आणि तासभर तिथेच खटपट करत बसतात. उदाहरणाला उबंटूवरचा जेलीफिन (घरचा मीडिया सर्व्हर) घेऊ, पोर्ट (सर्व्हिसच्या दाराचा नंबर) ८०९६.

आधी सर्व्हरवर ‘सुडो एसएस -टीएलएनपी’ चालवा, कोणती सर्व्हिस कुठे ऐकतेय ते दिसेल. ८०९६च्या आधी ०.०.०.० किंवा * दिसायला हवं. १२७.०.०.१ असेल तर सर्व्हिस फक्त त्याच मशीनचं ऐकते. मग फायरवॉल सताड उघडा ठेवूनही उपयोग नाही, सर्व्हिसचा बाइंड पत्ता (ती ज्या पत्त्यावर ऐकते तो) बदला. ओळच नसेल तर सर्व्हिस चालू नाही.

मग घरातल्या दुसऱ्या मशीनवरून ‘एनसी -व्हीझेड १९२.१६८.१.५० ८०९६’ (पत्ता तुमच्या सर्व्हरचा). ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं तर पॅकेट पोचलंय, पण बहुधा तिथे कुणी ऐकत नाही. ‘टाइमआउट’ म्हणजे वाटेत कुणीतरी पॅकेट गिळलं. संशय फायरवॉलवर.

यूएफडब्ल्यू (उबंटूचा फायरवॉल) असेल तर ‘सुडो यूएफडब्ल्यू अलाउ ८०९६/टीसीपी’. नियम वरून खाली वाचले जातात आणि पहिला जुळणारा लागू होतो, म्हणून ‘स्टेटस नंबर्ड’मध्ये वर एखादा डिनाय दडलाय का ते बघा. एसएसएचवरून (दुरून टर्मिनल उघडून) काम करत असाल तर यूएफडब्ल्यू एनेबल करण्याआधी एसएसएचचा पोर्ट २२ अलाउ करा, नाहीतर स्वतःच बाहेर अडकाल. डॉकरची (सर्व्हिस वेगळ्या कंटेनरमध्ये चालवणारं साधन) गोष्ट उलटी: कंटेनरमधून बाहेर उघडलेला, म्हणजे पब्लिश केलेला पोर्ट यूएफडब्ल्यूला न जुमानता उघडतो. तो बाहेर नको असेल तर ‘१२७.०.०.१:८०९६:८०९६’ असा पब्लिश करा.

राउटरवर सर्व्हरला डीएचसीपी रिझर्व्हेशन द्या, म्हणजे त्याला कायम तोच आयपी मिळेल. आयपी बदलला की पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेलं सर्व्हरकडे वळवणारा राउटरचा नियम) भलत्याच मशीनकडे जातं. चाचणी मोबाइल डेटावरून घ्या, वायफाय बंद करून. घरातूनच स्वतःचा पब्लिक आयपी उघडणं कित्येक राउटरना जमत नाही.

चाचणी चालू असताना सर्व्हरवर ‘सुडो टीसीपीडम्प -एनआय एनी पोर्ट ८०९६’ लावून ठेवा. ‘फ्लॅग्ज [एस]’ (जोडणीची विनंती) पुन्हापुन्हा येतंय, उत्तराचं ‘[एस.]’ नाही, तर अडथळा सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये. काहीच आलं नाही तर अडथळा राउटर किंवा आयएसपीकडे (इंटरनेट कंपनीकडे).

राउटरचा वॅन (इंटरनेटच्या बाजूचा) आयपी १००.६४ ते १००.१२७ यांच्यात असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात, म्हणजे आयएसपी एकच पब्लिक आयपी अनेक ग्राहकांना वाटून देतो, आणि फॉरवर्डिंग कितीही अचूक असलं तरी लागणार नाही. (टेलस्केल या व्हीपीएनचे पत्तेही याच पट्ट्यातले असतात, गल्लत नको.) आयएसपीकडून स्टॅटिक आयपी घ्या, नाहीतर आयपीव्ही६ किंवा वायरगार्ड या व्हीपीएनचा बोगदा वापरा.